रोग्याचे गुपित

सरकारी दवाखान्यात डॉक्टरची गाठ पडण्यापूर्वी एका खिडकीची गाठ पडते. केसपेपर काढण्याची ती खिडकी. आतला कारकून नाव विचारतो, वय विचारतो, गाव विचारतो. आणि मागे उभी असलेली रांग ही सारी उत्तरे निमूटपणे ऐकत असते. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी मी एका जिल्ह्यात नोकरीस होतो आणि आरोग्य खात्याच्या कामावर देखरेख ठेवण्याची जबाबदारी माझ्याकडे होती. त्या वेळी अशाच एका खिडकीसमोर घडलेली हकिकत प्रथम सांगतो.

खोकल्याने बेजार झालेली एक तरुण बाई सकाळच्या रांगेत उभी होती. खिडकी जवळ आली तशी ती एकाएकी रांगेतून बाजूला झाली. तिथल्या आयाबाईला तिने हळूच विचारले, "आत बसलेत ते कुठल्या गावचे, मावशी?" आयाबाईने गाव सांगितले. ती थोडा वेळ भिंतीला टेकून उभी राहिली. मग पुन्हा रांगेच्या शेवटी गेली आणि पाळी आल्यावर नाव, गाव सांगून तिने केसपेपर घेतला. डॉक्टरांनी तिला तपासले, थुंकीचा नमुना घ्यायला लावला आणि दोन दिवसांनी बोलावले. दोन दिवसांनी अहवाल आला. क्षयाचे जंतू सापडले होते. बाई मात्र आली नाही. आठवडाभराने आरोग्यसेवक केसपेपरवरच्या गावी तिच्या शोधात गेला, तेव्हा त्या नावाची बाई त्या गावात कधी नव्हतीच असे कळले. आमच्या हाती निदान होते. ते ज्या माणसाचे, तो माणूस नव्हता.

खिडकीतला कारकून भला गृहस्थ होता. त्याने कुणापाशी चकार शब्द काढला नसता, याची मला खात्री आहे. पण ती खात्री तिला कशी असावी? तिच्या सासरच्या माणसांची त्याच्या गावी ये-जा असावी, एवढाच तर्क आम्हांला करता आला. त्या धाग्याने शोध घ्यावा, तर 'क्षयाची बाई कोण' म्हणून गावोगाव बोभाटा झाला असता; आणि ज्या भयाने तिने नाव बदलले, ते भय आम्हीच खरे करून दाखविले असते. शोध तिथेच थांबला.

रोग्याची माहिती गुप्त राखणे हा सौजन्याचा भाग आहे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. त्या दिवसापासून माझी ती समजूत गेली. जिथे गुपित राहील असा भरवसा नाही, तिथे माणूस खरे सांगत नाही. आणि जिथे खरे सांगितले जात नाही, तिथे दप्तर कितीही नेटके असले तरी ते खोटे असते. आपल्या पूर्वजांना हे पुरते ठाऊक होते. चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला दिलेला जो उपदेश आहे, त्यात रोग्याच्या घरातील गोष्टी बाहेर बोलू नयेत, अशी आज्ञा आहे. परंतु तो उपदेश एका वैद्याला आणि एका घराला उद्देशून होता. वैद्याची स्मृती ही जेव्हा नोंदवही झाली, नोंदवहीचा संगणक झाला आणि तो संगणक हजार संगणकांना जोडला गेला, तेव्हा ती आज्ञा पाळायची कुणी आणि कशी, हा नवा प्रश्न उभा राहिला. या प्रश्नाला ज्यांनी आपले विद्याव्यासंगाचे आयुष्य दिले, अशा एका प्राध्यापकाची ओळख मी आज करून देणार आहे. त्यांचे नाव रॉस अँडरसन.

अँडरसन मूळचे स्कॉटलंडचे. जन्म १९५६ चा. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातून ते गणित आणि विज्ञान शिकून बाहेर पडले, परंतु विद्यापीठाच्या पायऱ्यांवर रेंगाळले नाहीत. काही काळ विमानातील यंत्रणांचे, तर काही काळ बँकांच्या संगणकांचे काम त्यांनी केले. वयाची पस्तिशी ओलांडल्यावर, १९९२ साली, ते पुन्हा केंब्रिजला विद्यार्थी म्हणून आले आणि रॉजर नीडहॅम यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. १९९५ साली ते तिथेच अध्यापक झाले. बाजारात पोळून आलेल्या माणसाने शाळेत परत यावे, तसे हे येणे होते. आणि त्यांच्या साऱ्या संशोधनावर त्या पोळण्याची खूण राहिली.

त्यांचा पहिला गाजलेला निबंध १९९३ चा. बँकेच्या यंत्रातून पैसे काढण्याची सोय इंग्लंडात तेव्हा रुळली होती आणि 'आम्ही काढले नाहीत तरी खात्यातून पैसे गेले' अशा तक्रारी वाढल्या होत्या. बँका म्हणत, 'आमची सांकेतिक लिपी अभेद्य आहे. तेव्हा तक्रार करणाराच खोटा.' अँडरसन यांनी प्रत्यक्ष घडलेली प्रकरणे गोळा केली आणि दाखवून दिले, की लिपी फोडायला कुणी पंडित लागत नव्हताच. चोरी होत होती ती साध्या मार्गांनी: कुठे बँकेतलाच नोकर सामील, कुठे टपालातून कार्ड पळविलेले, कुठे यंत्रणेची मांडणीच ढिसाळ. कुलूप भक्कम होते. किल्ली खुंटीला टांगलेली होती. याच सुमारास एका पोलीस शिपायाने अशी तक्रार केली, तर फसवणुकीचा प्रयत्न केला म्हणून त्यालाच दोषी ठरविण्यात आले. अपिलाच्या वेळी त्याच्या बाजूने तज्ज्ञ म्हणून अँडरसन उभे राहिले आणि आम्हांला तुमची यंत्रणा तपासू द्या, अशी मागणी झाली. बँकेने ती मानली नाही. आणि १९९६ साली तो शिपाई निर्दोष सुटला. यंत्राची साक्ष माणसाविरुद्ध घ्यायची, तर यंत्राची उलटतपासणीही झाली पाहिजे, हा धडा त्या प्रकरणाने घालून दिला.

याच वर्षांत रोग्यांच्या दप्तराचा प्रश्न त्यांच्यापुढे आला. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा देशभरातील दवाखाने एका संगणकजाळ्याने जोडू पाहत होती. तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेला, ब्रिटिश मेडिकल असोसिएशनला, शंका आली, की या जाळ्यात रोग्याचे गुपित राहील काय? त्यांनी या तरुण अध्यापकाला सल्ला विचारला. सरकारचे म्हणणे होते, की वाटेत कुणी संदेश चोरू नये म्हणून ते सांकेतिक लिपीत पाठवू, म्हणजे झाले. अँडरसन यांनी प्रश्नाचे तोंडच फिरवले. चोर वाटेत कुठे आहे, असे ते विचारू लागले. आपल्याकडे म्हण आहे ना, 'कुंपणानेच शेत खाल्ले, तर दाद कुणाकडे मागायची?' वैद्यकीय माहितीच्या बाबतीत धोका असतो तो बहुधा आतल्या माणसाचा, ज्याला दप्तर पाहण्याचा अधिकार आहे आणि जो त्याचा गैरवापर करतो किंवा भोळेपणाने ते दुसऱ्याला सांगून बसतो.

यातला हिशेब अगदी सोपा आहे. समजा, एका लहान दवाखान्यात पाच माणसे काम करतात आणि त्यांच्या कपाटात पाच हजार रोग्यांची कागदपत्रे आहेत. त्यांतला एखादा फितूर निघाला, तर पाच हजारांचे गुपित फुटेल. आता असे हजार दवाखाने एकत्र जोडा आणि प्रत्येकाला सारे पाहू द्या. नोकर झाले पाच हजार, रोगी झाले पन्नास लाख. आणि त्या पाच हजारांतला कुठलाही एक फितूर झाला, की पन्नास लाखांचे गुपित उघडे पडले. माणसे पूर्वीइतकीच चांगली वा वाईट आहेत. वाढला आहे तो त्यांचा पल्ला. माहितीचे ढीग एकत्र करणे हाच स्वतंत्र धोका आहे, हा विचार आज आपल्याला उघड वाटतो. त्या काळी तो ठासून सांगावा लागला.

या विचारांची मांडणी १९९६ च्या आरंभी एका लहानशा पुस्तिकेत झाली. तिच्यात नऊ तत्त्वे आहेत. सगळी सांगत बसत नाही. मुख्य तेवढी सांगतो. प्रत्येक रोग्याच्या दप्तराला ते पाहू शकणाऱ्यांची यादी जोडलेली असावी. त्या यादीत कोण आहे, हे रोग्याला कळवावे आणि त्याच्या संमतीने ती ठरावी. कुणीही दप्तर उघडले, तर उघडणाऱ्याचे नाव, दिवस व वेळ यांची नोंद पुसता येणार नाही अशी राहावी. आणि एकाच माणसाला असंख्य रोग्यांची माहिती पाहता येणार नाही, असा बंदोबस्त असावा. जमाबंदीच्या खात्यात ज्याने चार दिवस काढले आहेत, त्याला यात काही अपरिचित वाटणार नाही. फेरफाराची नोंद कुणी घेतली, कुणी मंजूर केली, कोणत्या तारखेला, हे आपण सातबाऱ्याच्या बाबतीत पिढ्यान् पिढ्या पाहत आलो आहोत. जमिनीच्या तुकड्याला जे संरक्षण आपण दिले, ते देहाच्या माहितीला द्यावे, एवढेच हे मागणे होते.

त्यांच्या या कामातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट मात्र संगणकाची नाहीच, टेलिफोनची आहे. त्या काळी इंग्लंडात खासगी गुप्तहेर थोड्याशा पौंडांत कुणाचीही वैद्यकीय माहिती काढून देत. पद्धत साधी होती. दवाखान्यात फोन करायचा आणि म्हणायचे, 'मी अमुक रुग्णालयातून डॉक्टर बोलतो आहे. तमका रोगी बेशुद्धावस्थेत आला आहे, त्याची माहिती हवी.' इकडचा भला माणूस घाईघाईने सारे वाचून दाखवी. उत्तर यॉर्कशायरच्या आरोग्य प्राधिकरणातील कर्मचाऱ्यांना अँडरसन यांनी एक नियम शिकविला: माहिती विचारणाऱ्याला 'थांबा, मी उलट फोन करतो' म्हणायचे, आणि तो उलट फोन त्याने दिलेल्या क्रमांकावर न करता, छापील पुस्तकात पाहून त्या रुग्णालयाच्या क्रमांकावर करायचा. या एका नियमाने आठवड्याला सुमारे ३० खोटे फोन उघडकीस आले! एकाच विभागात, एका आठवड्यात, ३०. त्यासाठी यंत्र लागले नाही, की निधी लागला नाही. लागला तो थोडा धीर आणि एक दूरध्वनी-पुस्तिका.

१९९८ साली आइसलँडच्या वैद्यक-संघटनेनेही त्यांचा सल्ला घेतला. त्या चिमुकल्या देशात सर्व नागरिकांच्या आरोग्याच्या नोंदी एका कंपनीच्या हाती एकत्र करण्याचा कायदा होऊ घातला होता. नावे सांकेतिक लिपीत लिहू, म्हणजे कुणी ओळखले जाणार नाही, असे आश्वासन होते. अँडरसन यांचे म्हणणे असे, की नाव झाकले तरी माणूस झाकला जात नाही. याचा प्रत्यय तुम्हांआम्हांलाही येईल. एखाद्या खेड्यातली बाई, वय चाळीस, दोन वेळा जुळी झालेली, अमुक साली मुंबईत शस्त्रक्रिया झालेली. एवढे लिहिले की नाव कशाला हवे? सारे गाव तिला ओळखेल. कायदा १९९८ च्या डिसेंबरात संमत झाला खरा. पण मृत वडिलांची माहिती त्या भांडारात जाऊ नये म्हणून एका मुलीने दावा लावला आणि २००३ साली आइसलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. ते भांडार पुढे उभे राहिलेच नाही.

श्रोतेहो, इथपर्यंत ऐकून कुणाला वाटेल, की कुलुपे वाढवावीत, नियम कडक करावेत, म्हणजे काम झाले. मलाही तसेच वाटले होते. आणि त्यापायी माझ्या हातून जी चूक झाली, तीही आता सांगितली पाहिजे.

क्षयाच्या त्या प्रकरणानंतर काही वर्षांनी माझी बदली दुसऱ्या ठिकाणी झाली. तिथल्या एका रुग्णालयात संगणक नुकतेच आले होते. मागच्या अनुभवाने सावध झालेल्या मी उत्साहाच्या भरात एक परिपत्रक काढले: प्रत्येकाने आपला परवलीचा शब्द दर ३० दिवसांनी बदलावा, त्यात अक्षरे, अंक व चिन्हे असावीत, आणि तो कुणालाही सांगू नये. परिपत्रकावर सही करताना मला मोठे समाधान वाटले. तीन महिन्यांनी तपासणीला गेलो. स्त्रियांच्या वॉर्डात संगणकाच्या पडद्यालाच एक चिठ्ठी डकवलेली होती आणि तिच्यावर चालू महिन्याचा परवलीचा शब्द ठळक अक्षरांत लिहिलेला होता. मी रागावलो. तिथल्या वडीलधाऱ्या सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "साहेब, रात्रपाळीला आम्ही दोघी आणि पेशंट चाळीस. प्रत्येकीनं आपापला शब्द घालून उघड-मीट करायची म्हटली, तर सलाईन कुणी बघायचं?" मला उत्तर सुचले नाही.

पुढे वाचनात आले, की माझे हे परिपत्रक निघण्याच्या कितीतरी आधी विद्वानांनी ते निकालात काढलेले होते! अ‍ॅन अ‍ॅडम्स आणि अँजेला सासे या दोन विदुषींनी १९९९ साली एक निबंध लिहिला. यंत्र वापरणारा माणूस हा सुरक्षिततेचा शत्रू नव्हे, असा त्याचा मथितार्थ. त्यांनी लोकांना प्रत्यक्ष विचारले, तेव्हा दिसले, की माणसे नियम मोडतात ती बेपर्वाईने नव्हे. नियम पाळले तर काम होत नाही म्हणून मोडतात. वारंवार बदलायला लावलेला शब्द लक्षात राहत नाही, म्हणून तो कागदावर उतरतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेनेही २०१७ साली आपल्या मार्गदर्शक सूचना बदलल्या आणि तो शब्द फुटल्याचा पुरावा असल्यावाचून ठरावीक मुदतीने बदलायला लावू नये, असे सांगितले.

नवे साधन लोक का स्वीकारतात आणि का नाकारतात, हाही आता एक स्वतंत्र अभ्यासविषय झाला आहे. अमेरिकेत फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ साली आपला सिद्धांत मांडला. कॅनडातील एका संगणक कंपनीचे कर्मचारी आणि अमेरिकेतील व्यवस्थापनशास्त्राचे विद्यार्थी मिळून १५२ जणांचा त्यांनी अभ्यास केला. त्यांना आढळले, की माणसाच्या मनात दोन प्रश्न असतात: हे साधन माझ्या कामाला उपयोगी पडेल काय? आणि ते वापरायला सोपे जाईल काय? यांतला पहिला प्रश्न अधिक वजनाचा. उपयोग पटला, तर माणूस थोडा त्रास सोसतो. उपयोगच पटला नाही, तर कितीही सोपे करा, तो हात लावणार नाही. आमच्या सिस्टरबाईंना माझा नियम उपयोगी तर वाटला नव्हताच, आणि सोपाही नव्हता. त्या दोन्ही परीक्षांत मी नापास झालो होतो. परिपत्रक मात्र आवक-जावक नोंदवहीत उत्तीर्ण होते.

ही गोष्ट माझ्यासारख्या जिल्ह्याच्या अधिकाऱ्यापुरती असती, तर तिचा एवढा बाऊ करण्याचे कारण नव्हते. परंतु ब्रिटनने २००२ साली आपल्या आरोग्यसेवेच्या संगणकीकरणाचा प्रचंड कार्यक्रम हाती घेतला, तोही याच खडकावर आपटला. प्रत्येक डॉक्टरला व परिचारिकेला ओळखीचे कार्ड दिलेले होते. पण कार्ड घालून संगणक उघडायला एका रुग्णालयात एक ते दीड मिनिट लागे. आणि अपघात विभागात दीड मिनिट म्हणजे काय, हे सांगायला नको. २००७ साली त्या रुग्णालयाने पाळीच्या आरंभी एकाचे कार्ड घालून ते सर्वांनी वापरण्यास मुभाच देऊन टाकली. म्हणजे कुणी काय पाहिले, याची नोंद ठेवणारी यंत्रणा चालू होती, पण नोंद होत होती ती एकाच माणसाची. अँडरसन आणि त्यांचे सहकारी प्राध्यापक यांनी २००६ सालीच जाहीर पत्र लिहून या कार्यक्रमाची स्वतंत्र तपासणी करा, असे म्हटले होते. कार्यक्रमाचा एकूण खर्च १२ अब्ज पौंडांच्या घरात जाईल, असा अंदाज होता. २०११ च्या सप्टेंबरात तो मोडीत काढण्याची घोषणा झाली.

अँडरसन यांनी या अनुभवाचे सार एका त्रिकोणात सांगितले आहे. दप्तर फार मोठे असावे, ते सर्वांना सहज वापरता यावे आणि ते सुरक्षितही असावे, या तीन गोष्टी एकाच वेळी साधत नाहीत. मोठे दप्तर सोपे केले, की ते फुटते. कडेकोट केले, की ते कुणी वापरत नाही. म्हणून शहाणपणाचा मार्ग एकच: दप्तर लहान ठेवा. जिथली माहिती तिथे राहू द्या आणि गरज पडेल तेव्हा, गरजेपुरती, रोग्याला विचारून ती पुढे पाठवा. माझ्या मनात ज्या दोन गोष्टी परस्परांच्या वैरी होत्या, कुलूप आणि सोय, त्या दोहोंचे मूळ एकच आहे, हे मला या त्रिकोणाने कळले. ते मूळ म्हणजे भरवसा. रोग्याचा भरवसा नसेल, तर तो खरे सांगत नाही. परिचारिकेचा भरवसा नसेल, तर ती नियम पाळत नाही. दोन्हीकडे दप्तर खोटेच होते.

यापुढचा त्यांचा विचार मला, एक शासकीय सेवक म्हणून, अधिक बोचला. २००१ साली त्यांनी असे मांडले, की सुरक्षितता ढासळते ती बहुतेक वेळा ज्ञान कमी पडते म्हणून नव्हे, तर ज्याच्या हाती कुलूप आहे, त्याला चोरीची झळ लागत नाही म्हणून. बँकांचेच उदाहरण त्यांनी दिले. अमेरिकेत तक्रार खोटी आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर होता. इंग्लंडात तो ग्राहकावर पडे. परिणाम असा, की इंग्लंडातल्या बँका अधिक खर्च करूनही अधिक बेफिकीर राहिल्या. आरोग्याच्या दप्तराला हेच लावून पाहा. दप्तर उभारणारा ठेकेदार, ते मंजूर करणारा अधिकारी आणि ते वापरणारी कचेरी, यांच्यापैकी कुणाचे लग्न मोडत नाही, कुणाची नोकरी जात नाही, कुणाला वाळीत टाकले जात नाही. ते सारे रोग्याच्या वाट्याला येते. आणि कुलूप निवडताना त्याला कुणी विचारलेले नसते.

प्राध्यापक अँडरसन यांचे २८ मार्च २०२४ रोजी निधन झाले. रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि मानाची पदके त्यांना लाभली. परंतु त्यांच्या कारकिर्दीकडे पाहताना मला आठवते ते त्यांचे ग्रंथदान. सुरक्षिततेच्या अभियांत्रिकीवरील त्यांचा ग्रंथ २००१ साली निघाला. त्याच्या पुढल्या आवृत्त्या २००८ आणि २०२० मध्ये आल्या. त्यातली प्रकरणे त्यांनी कुणालाही फुकट वाचता येतील अशी खुली केली. माझ्यासारख्या, गणिताशी फटकून राहिलेल्या, वाङ्मयाच्या एम.ए.लाही त्यातला बराच भाग समजतो. कारण त्यात सूत्रांपेक्षा माणसांच्या गोष्टी अधिक आहेत. सरकारला नको असलेले उत्तर देणे आणि ते पुराव्यानिशी देणे, हे काम विद्यापीठातल्या माणसाचे आहे, अशी त्यांची धारणा होती. अशा माणसाचा त्रास आम्हां अधिकाऱ्यांना होतो, हे मी कबूल करतो. पण तो त्रास चुकवून ब्रिटनने जी किंमत मोजली, तिच्या मानाने तो फार स्वस्त होता.

आपल्या देशातही आता हा प्रश्न दाराशी आलेला आहे. व्यक्तीचे खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. त्याच्या आराखड्यात रोग्याच्या नोंदी जिथल्या तिथेच राहाव्यात आणि रोग्याच्या संमतीनेच त्या दुसरीकडे जाव्यात, हे तत्त्व स्वीकारलेले आहे. ही समाधानाची गोष्ट होय. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही २०२३ साली संमत झाला. परंतु २०२२ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे संगणक घुसखोरांनी बंद पाडले आणि देशातल्या त्या अग्रगण्य रुग्णालयाला जवळजवळ दोन आठवडे कागद-पेन्सिलीवर काम चालवावे लागले, हेही आपण पाहिले आहे. तत्त्व कागदावर उमटणे आणि ते वॉर्डात उतरणे, यांत जे अंतर आहे, ते कापायला आपल्याला माणसे हवीत. यंत्र जाणणारे तरुण आपल्याकडे पुष्कळ आहेत. यंत्र जाणून शिवाय रात्रपाळीच्या सिस्टरशेजारी चार रात्री बसायची ज्यांची तयारी आहे, केसपेपरच्या रांगेत उभे राहून जे कान देऊन ऐकतील, असे अभ्यासक हवे आहेत. माझे हे भाषण जे विद्यार्थी ऐकत असतील, त्यांना मी सुचवीन, की आयुष्य घालवावे असा हा विषय आहे.

माझ्यापुरते म्हणाल, तर ते परिपत्रक मी मागे घेतले. नवे काढण्यापूर्वी सिस्टरबाईंना बोलावून घेतले आणि त्यांनी सांगितले तसे लिहिले. केसपेपरच्या खिडकीबद्दल तर त्याआधीच, जुन्या जिल्ह्यात असतानाच, एक लहानसा बदल करून घेतला होता. रांग खिडकीपासून पाच हात मागे थांबावी म्हणून जमिनीवर एक पट्टा मारला. आणि खिडकीत न सांगता नाव आत सिस्टरपाशी सांगायचे असेल, तर तसे करता येईल, अशी पाटी लावली. खर्च आला तो रंगाच्या एका डब्याचा.

त्या पट्ट्यामुळे पुढे कुणाकुणाला खरे नाव सांगण्याचा धीर आला असेल. त्याची मोजदाद नाही, आणि ती नसावी हेच योग्य. पण मी ज्या बाईमुळे तो पट्टा मारला, ती पुन्हा आली नाही. तिचा अहवाल कित्येक दिवस माझ्या मेजावरच्या फायलीत होता. त्यावर रोगाचे नाव बरोबर होते, तारीख बरोबर होती, सही-शिक्का बरोबर होता. तिचे नाव तेवढे खोटे होते. आणि खरे नाव मला आजतागायत ठाऊक नाही.